इथे कोण राहतं?

छत पडलं ते पडलं, त्याला आता कोण काय करणार? पण पाण्याचा मेन कॉक उघडा कुणी ठेवला, यावरून दोघा भावांची सकाळपासून जी तोंडं सुरू झाली होती, ती काही मिटायला तयार नव्हती. ताई मधल्या खोलीत गुडघ्यांवर बसून फडक्याने पाणी टिपत होती, बादलीत पिळत होती, परत टिपत होती. प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासण्यात तिची अर्धी हयात गेली होती आणि तिथे सुट्टी मागायची म्हणजे दात काढून देण्यासारखं. तरी तिने कालची मागितली, आजची मागितली. भावांनी काय मागितलं? खुर्च्या.

वरच्या न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप परवा संध्याकाळी कधीतरी फुटला आणि पाणी रात्रभर वाहत राहिलं. शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या दारात सकाळी ओहोळ आला तेव्हा कुठे बोंबाबोंब झाली. तोवर छताचा अर्धा गिलावा गादीवर येऊन पडला होता. प्लायवूडचं कपाट फुगून त्याची दारं लागेनाशी झाली होती. विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही म्हणून सगळं अंधारं, आणि वास असा की नाक कुठे ठेवावं कळेना.

“शेवटचा तू आला होतास इथे,” दादा म्हणाला. “पंखा न्यायला.”

“पंखा नेला त्याला सहा महिने झाले, दादा! तेव्हा कॉक मी स्वतः बंद केला. या हातांनी.” बाळ्याने हात पुढे केले. पंचेचाळिशी उलटली, डोक्याचं मैदान झालं, विजेच्या सामानाचं दुकान चालवतो, तरी घरात तो बाळ्याच. “तुम्हीच येऊन गेला असाल भाव काढायला. एजंटाला घेऊन.”

“कोण एजंट? कुठला एजंट?”

“मला सगळं कळतं.”

वहिनी मध्ये पडली. दादाची बायको अशा वेळी मध्ये पडायची ती भांडण सोडवायला नाही, त्याला वळण लावायला. “अहो, आता कॉकाचं काय घेऊन बसलात? तो विम्याचा माणूस येईल इतक्यात. त्याला काय सांगायचं ते आधी ठरवा.”

दादाने मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. घराच्या विम्याचा हप्ता तो वर्षानुवर्षं भरत आला होता. बाबा गेले त्या वर्षी त्याने विमा काढला, तेव्हा सगळे हसले होते. घर काय पळून जाणार आहे का, असं बाळ्याच म्हणाला होता. आता पिशवीतल्या कागदांकडे तोच मान वाकडी करून बघत होता.

“नीट ऐका,” दादा म्हणाला. “पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान मिळतं. छत, भिंती, वायरिंग, कपाट, गाद्या, सगळं. फक्त पाइप मिळत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाइप आपला आपण बदलायचा.”

“वा! आजारपणाचा खर्च देणार, पण आजार आमचा आम्ही बरा करायचा.”

“बाळ्या, गप्प बस. आता खरी मेख ऐक. घर सलग महिनाभर रिकामं असेल आणि कंपनीला कळवलेलं नसेल, तर एक छदाम मिळत नाही.”

ताईचं फडकं थांबलं.

घर रिकामं होतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? मागच्या वर्षी आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून ताई तिला थेट आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेली. दादाकडे वहिनी आणि आईचं पटत नाही हे जगजाहीर. बाळ्याकडे जागा नाही. राहिली ताई. एकटा जीव, तिला काय त्रास, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर ताईलाही ते हवंच होतं. संध्याकाळी कुलूप काढायच्या ऐवजी बेल वाजवायची आणि आतून कुणीतरी ‘आले गं’ म्हणायचं, याची तिला या वर्षात सवय लागली होती.

“म्हणून सांगतो,” दादाचा आवाज खाली आला. “आई इथेच राहते. तुझ्याकडे मधूनमधून चार दिवस येते, बस. चिमे, हे तू बोललीस तरच खरं वाटेल.”

“मी बोलणार नाही,” ताई म्हणाली.

“अगं, पण—”

“दादा, मी रिपोर्टात आकडा बदलत नाही. लोक पाया पडतात, तरी नाही बदलत. मग इथे कसं बोलू?”

“घर जाईल, ताई,” बाळ्या म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “पैसे मिळाले नाहीत तर दुरुस्ती कोण करणार? दादाची पेन्शन? माझं दुकान? आहे त्या भावात विकावं लागेल. आणि आईला ते सांगणार कोण?”

चौघांनीही एकदम बाहेरच्या ओट्याकडे बघितलं. आई तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. काठी पायांत आडवी, नजर रस्त्यावर. सकाळपासून तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. घराची अवस्था बघून तिला धक्का बसलाय, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तसं तर आईच्या बाबतीत या घरात सगळं गृहीतच धरायची पद्धत होती.

“तिला काही बोलू नका,” ताई म्हणाली. “आणि तुम्हाला त्या माणसाला काय सांगायचं ते सांगा. मी मध्ये पडणार नाही. मला विचारलं तर मात्र खरं सांगेन.”

“झालं! आपलेच दात आणि आपलेच ओठ,” वहिनी म्हणाली आणि पदर खोचून उगीचच एक ओली उशी उचलून बाहेर घेऊन गेली.

विम्याचा सर्व्हेअर आला तो शिंकतच. बारीक, उंच, खांद्याला बॅग, आणि चेहरा असा की हा जन्मभर दुसऱ्यांच्या पडझडी बघून कंटाळलाय. त्याने पाणी नको म्हटलं, चहा नको म्हटलं, खुर्ची नको म्हटलं. टॉर्च काढून तो सरळ जिना चढून वर गेला. मागोमाग दादा, दादाच्या मागे बाळ्या, आणि कुणीतरी खरं बोलणारं सोबत असावं म्हणून ताई.

न्हाणीघरात त्याने भिंतीच्या भोकात टॉर्च मारली, पाइपच्या चिरीवरून बोट फिरवलं, फोटो काढले. मग एक छोटं यंत्र काढून भिंतीला लावलं आणि त्यावरचा आकडा बघून मान हलवली.

“जुनी गळती नाही दिसत,” तो म्हणाला. “जुनी असती तर बुरशी, पोपडे, डाग दिसले असते. हे एकदम फुटलंय.”

दादाने सुटकेचा श्वास सोडला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला.

“घरात कोण राहतं?”

“आई,” दादा आणि बाळ्या एका सुरात म्हणाले. शाळेत मास्तरांपुढेही हे दोघे कधी इतके एकदिलाने बोलले नसतील.

“त्या रात्री कुठे होत्या?”

“रात्री... रात्री ती आमच्या बहिणीकडे होती. मधूनमधून जाते,” दादा म्हणाला आणि ताईकडे न बघता जिना उतरायला लागला.

सर्व्हेअर मागोमाग खाली आला आणि स्वयंपाकघरात शिरला. तिथे छत शाबूत होतं, फक्त जमिनीवर चिखल होता. त्याने टॉर्च ओट्यावर फिरवली. जाळीत घासलेली भांडी पालथी घातलेली होती. एक ताट, एक वाटी, एक पातेलं. गाळणीत चहाचा चोथा होता, अजून काळा, सुकून कडक झालेला नव्हता. टोपलीत कांदे, बटाटे आणि हिरव्या मिरच्या. त्याने एक मिरची उचलली आणि देठाशी वाकवून बघितली. कटकन मोडली.

दादाने बाळ्याकडे बघितलं. त्या नजरेत चक्क कौतुक होतं, की गाढवा, तुझ्यात एवढी अक्कल आहे हे माहीत नव्हतं. बाळ्याने ते कौतुक न घेता वहिनीकडे बघून भुवया उडवल्या. वहिनी नवऱ्याच्या कानाशी लागून पुटपुटली, “छान केलंत हो, मला सुचलंच नव्हतं.” तिघंही एकमेकांवर खूश होती.

ताईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर मिरच्या आणून ठेवायच्या? चहाचा चोथा करून ठेवायचा? दवाखान्याच्या पाळ्यांसाठी, आईच्या औषधांसाठी या माणसांनी वर्षभर कधी इतकी तत्परता दाखवली होती? आयुष्यभर यांच्यामागून फडकं घेऊन फिरायचा तिला त्या क्षणी असा कंटाळा आला, की मध्ये पडणार नाही हे स्वतःचंच बोलणं ती विसरून गेली.

“साहेब, हे सगळं खोटं आहे,” ती म्हणाली. “आई गेलं वर्षभर माझ्याकडे राहते. हे घर बंद आहे.”

“चिमे!” दादा ओरडला.

“संपलं,” बाळ्या म्हणाला आणि चिखलातच उकिडवा बसला. वहिनीने डोळे मिटून घेतले.

सर्व्हेअरने एक शिंक आवरली. तो रागावला नाही, त्याला आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. अशी कुटुंबं तो रोज बघत असणार. “मग या मिरच्या?”

“त्यांनी आणून ठेवल्या. तुम्हाला दाखवायला.”

“मी नाही,” दादा म्हणाला. “बाळ्याने.”

“मी? मला वाटलं वहिनीने.”

“अय्या, मी कशाला? मला काय स्वप्न पडलं होतं?”

“मी आणल्या,” दारातून आवाज आला. आई काठी टेकत उंबऱ्याशी येऊन उभी होती. “परवा सकाळी. नाक्यावर स्वस्त होत्या.”

कुणाला काही कळलं नाही. ताईला तर नाहीच नाही. “आई, परवा तू माझ्याकडे होतीस.”

“तू कामावर गेलीस ना.”

“मग?”

“मग मी इकडे आले. बसने.” आईने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि शेवटी नजर सर्व्हेअरवर ठेवली. परक्या माणसाला सांगणं तिला सोपं वाटत असावं. “साहेब, काठीवर चालता यायला लागल्यापासून मी रोज येते. हिची पाठ फिरली की निघते, ही यायच्या आत परत जाते. इथे सगळे नळ सोडून बघते, झाडते, माझ्यापुरतं रांधते, जेवते, तासभर पडते. पाय दुखतो, पण बस दारापर्यंत येते.”

“रोज?” ताई म्हणाली.

“रविवार सोडून. रविवारी तू घरी असतेस.”

ताईने ओट्याला हात टेकला. कित्येक महिने ती संध्याकाळी आईपुढे ताट वाढत होती आणि आई दोन घास खाऊन पुरे म्हणत होती. भूक मेलीय, असं वाटून ताईने तिचं रक्त काढलं होतं. एकदा नाही, तीनदा. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, लोह तपासलं, डॉक्टरांशी भांडली की काहीतरी नक्की चुकतंय, परत तपासा. आणि आई दुपारी इथे, या ओट्याशी, पोटभर जेवून येत होती! रिपोर्ट सगळे चांगले आले तेव्हा ताई रात्री चिंतेने झोपली नव्हती.

“काकूंना विचारा,” आई म्हणाली.

विचारायची गरजच नव्हती. शिवणवाल्या काकू गळ्यात मोजपट्टी अडकवून कधीच्या मागच्या दारात उभ्या होत्या. “रोज येतात हो त्या,” काकू म्हणाल्या. “मला शपथ घातली होती. मी कुणाला सांगितलं नाही, पण तुम्ही तरी कधी विचारलंत? येता, पंखे काढता, जाता.”

बाळ्या चिखलातून हळूच उठला.

“आणि कॉक?” दादाला अजून तेच. “कॉक उघडा कसा राहिला?”

आईने काठी या हातातून त्या हातात घेतली. आता मात्र तिचं धैर्य जरा खचलं. “तुमचे बाबा होते तेव्हाची पद्धत तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

तिघांना माहीत होती. घर बंद करून कुठे निघायचं झालं की आई दारात उभी राहून हाक मारायची, “पाणी?” आणि बाबा मागच्या अंगणातून कॉक फिरवून ओरडायचे, “बंद!” ते उत्तर आल्याशिवाय कुलूप लागायचं नाही. एकदा बस चुकली होती त्यापायी, बाबा अंगणात कुणाशी तरी गप्पा मारत राहिले म्हणून. मुलं त्या सगळ्या प्रकाराला हसायची.

“अजून विचारते मी,” आई म्हणाली. “रोज. दारात उभी राहून विचारते, मग मागे जाते, कॉक फिरवते, स्वतःच बंद म्हणते आणि येऊन कुलूप लावते. परवा उशीर झाला होता. ही यायची वेळ झालेली. मी विचारलं, पाणी? आणि मला वाटलं, उत्तर आलं. मी कुलूप लावलं. बसमध्ये बसले तरी माझ्या मनात काही आलं नाही.”

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. बाळ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सकाळपासून ज्या कॉकावरून दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढली, त्याचं नाव आता कुणी घेईना.

सर्व्हेअरला त्यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. त्याने खोकून घसा साफ केला. “आजी, कॉक उघडा राहिला म्हणून काही बिघडत नाही. राहत्या घराचा कॉक उघडाच असतो. प्रश्न एवढाच की हे राहतं घर आहे का. तुम्ही रोज येता, रांधता, वापरता, म्हणजे रिकामं म्हणता यायचं नाही. पण मी एकट्या तुमच्या शब्दावर लिहू शकत नाही. या बाई आत्ताच वेगळं सांगत होत्या.” त्याने ताईकडे बघितलं. “रात्री त्या तुमच्याकडे असतात. तेव्हा तुमचं म्हणणं मला लेखी लागेल. शेवटचा निर्णय ऑफिसचा, पण तुम्ही लिहून दिलंत तर मला अडचण दिसत नाही.”

दोघे भाऊ ताईकडे बघत राहिले. या वेळी कुणी ‘चिमे’ म्हणालं नाही, कुणी ‘ताई’ म्हणालं नाही. वहिनीने शहाणपणा करून काकूंना अंगणात नेलं.

“काय लिहायचं?” ताईने विचारलं.

“तुम्हाला माहीत असलेलं. त्या कुठे राहतात ते.”

त्याने बॅगेतून कोरा कागद आणि पेन काढून दिलं. ताईने ओट्याचा एक कोपरा पुसला. हात ओले होते, ते पदराला पुसले. आईच्या औषधांचे डबे तिच्या खोलीत होते, आईची चादर, आईचा चष्मा, आईसाठी मोरीत बसवून घेतलेला लोखंडी दांडा. ते सगळं होतं. आई होती का? सकाळी साडेसातपासून संध्याकाळपर्यंत ती जागा रिकामी होती आणि ताई मात्र दिवसभर काचेच्या नळ्या हलवताना मनात म्हणत होती, घरी आई आहे. तिला रडू आलं नाही. फार दमली होती ती.

तिने लिहिलं, ‘माझी आई माझ्याकडे फक्त रात्री झोपायला येते. ती तिच्या स्वतःच्या घरी राहते.’ खाली सही केली. कागद सर्व्हेअरला दिला. त्याने वाचला, घडी घातली, दादाला काय काय पावत्या लागतील ते सांगितलं आणि शिंकत निघून गेला.

मग एकदम सगळ्यांना बोलता यायला लागलं. बाळ्याने वायरिंग आपण स्वतः करू म्हणून जाहीर केलं. दादा म्हणाला, पाइप आता भिंतीबाहेरून घ्यायचे. वहिनी म्हणाली, मोरीत दांडा बसवून घ्या सासूबाईंसाठी. एजंटाचा विषय कुणी काढला नाही. इतक्या वर्षांत ही माणसं एका बाजूला आलेली ताईने पहिल्यांदाच बघितली आणि त्या बाजूला जाऊन उभं राहायची ताकद तिच्यात नव्हती. तिने बादली ओतली, फडकं पिळून वाळत घातलं आणि आईची पिशवी उचलली.

“चल आई, घरी—” तिने म्हटलं आणि ती थांबली. “चल, माझ्याकडे. इथे झोपता यायचं नाही.”

दोघी बाहेरच्या ओट्यापर्यंत आल्या. पायऱ्यांवर अजून पाणी होतं.

“तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं गं चिमे,” आई म्हणाली.

“माहीत आहे.”

“तू किती केलंस ते माझं मला माहीत.”

“असू दे आई.” ताईने ओठ घट्ट मिटले, पण ते राहिलं नाही. “मला सांगायचं होतंस. नुसतं सांगायचं होतंस. मी तीनदा सुई टोचली तुला! मला वाटत होतं, तू मरायला टेकलीस.”

आई काठीच्या मुठीकडे बघत म्हणाली, “सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस.”

ताईने तोंड उघडलं. पाय घसरला तर, बसमध्ये धक्का लागला तर, एकटी असताना चक्कर आली तर, सगळी कारणं जिभेवर तयार होती. आणि ती सगळी खरी होती.

“नसतंच दिलं,” ती म्हणाली, आणि आईच्या दंडाला धरून तिला एकेक पायरी उतरवू लागली.